देवीच्या उजव्या अंगाला

गुरवकाकूंना सिंगापूरमध्ये नवीन असं काही कधी दिसलंच नाही.

आमची पहिली भेट बेडोकच्या ब्लॉकमधल्या लिफ्टमध्ये झाली. मी नुकतीच पुण्याहून आलेले, नवव्या मजल्यावर भाड्याने. त्या दहाव्यावर, कधीपासूनच्या. माझ्या हातात ऑफिसातल्या कुणीतरी दिलेला ड्युरियनच्या वड्यांचा डबा होता आणि वासापायी मी तो अंगापासून हातभर लांब धरला होता. काकूंनी एकदा नाकाने हवा ओढली, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फणसाचोच भाऊस तो. कित्या घाबरतंस? आमच्याकडे पण आसता."

नववा मजला आला. मी दार धरून उभी, आणि बरका फणस बाहेरून कसा ओळखायचा हे त्या मला सांगतायत. लिफ्ट कुरकुरायला लागली तेव्हा त्यांनी तिलाही दटावलं.

"आमच्याकडे पण आसता" हे वाक्य मी पुढे नऊ वर्षं ऐकलं. बाजारात नारळ घातलेले हिरवे केक दिसले, की ते आमच्याकडे पण असतात, पातोळ्यांची धाकटी बहीण. सातव्या चिनी महिन्यात लोक ब्लॉकखाली पितरांसाठी जेवण मांडून उदबत्त्या लावायला लागले, की आमच्याकडे पण म्हाळ असतो. एकदा त्यांना मरिना बेवर नेऊन ते अर्धा सिंह आणि अर्धा मासा असलेलं पांढरं शिल्प दाखवलं. म्हटलं, आता कशा सुटतात बघू. काकू दोन मिनिटं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नरसिंव्ह नि मत्स्य. दोन अवतार एकाच दगडात घातल्यानी. काटकसरीची मानसां." मी हात टेकले.

काकू बुटक्या, रुंद आणि कायम घाईत. कॉटनच्या ड्रेसखाली स्पोर्ट्स शूज, आणि केसांत रोज ब्लॉकखालच्या झाडाचं चाफ्याचं फूल. फुलं तोडली तर दंड होतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्या सकाळी झाडाखाली उभ्या राहून फूल आपोआप पडायची वाट बघत. मी पडले कोथरूडची, कुणाच्या घरी जायचं तर आधी फोन करणारी. काकू दाराबाहेरूनच "काय गो पुणेकरणी, जेवलंस?" असं ओरडत येत आणि हातात झाकलेली वाटी असे. माझा नवरा सतत दौऱ्यावर. मुलगी शाळेत इंग्रजी बोलायची आणि घरी येऊनही इंग्रजीच. त्या वाटीने मला किती सावरलं, हे मी काकूंना कधी सांगितलं नाही. आम्हाला असलं सांगायला जमत नाही.

त्या देवगडकडच्या. माहेर आणि सासर, दोन्हीकडे गावच्या देवळाची गुरवकी. वडील देवळात कौल लावत. म्हणजे देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि बघत राहायचं. देवाच्या उजव्या अंगाची कळी आधी पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. गावातली लग्नं, विहिरी, जमिनीची भांडणं, सगळं त्या कळ्यांच्या हाती. काकू लहानपणी वडिलांच्या मागे तांब्या घेऊन उभ्या राहत. "देवाक एकदाच इचारूचा," त्या मला सांगत. "परत परत इचारून सतावचा नाय. आनी दिला ता निमूट घेवचा."

यजमान मात्र गुरवकी सोडून जहाजावर गेलेले. चीफ इंजिनीअर, म्हणून सगळ्यांचे 'चीफ', काकूंचे 'हे'. उंच, शांत माणूस. उभा जन्म इंजिनरूमच्या आवाजात गेल्यामुळे जरा मोठ्याने बोलायचे, पण फार क्वचित. देवाधर्माचा विषय निघाला की म्हणायचे, "ते ब्रिजवरचं काम. इंजिनरूमने विचारायचं नसतं." जहाज कुठे वळवायचं ते वरच्यांनी ठरवायचं, आपण खाली यंत्र चालू ठेवायचं, हा त्यांचा संसारातलाही नियम होता.

आता नवसाची गोष्ट. मी इथे यायच्या खूप आधीची, काकूंकडूनच अनेकदा ऐकलेली. तेव्हा त्या नव्याने सिंगापूरला आल्या होत्या. मुलगा प्रसाद शाळेत. चीफचं जहाज वादळात सापडलं आणि त्याचा संपर्क तुटला. अकरा दिवस पत्ता नाही. कंपनीतून रोज फोन येई, आम्ही प्रयत्न करतोय. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, त्यांना त्यातला 'सॉरी' तेवढा कळायचा. शेजारच्या चिनी म्हातारीने त्यांची अवस्था बघितली आणि हाताला धरून तेलोक आयर रस्त्यावरच्या जुन्या देवळात नेलं. ते समुद्रदेवीचं देऊळ. फार पूर्वी चीनहून जहाजाने येणारे लोक किनाऱ्याला पाय लागले की आधी तिथे जाऊन तिचे आभार मानत, आणि मग पोटापाण्याचं बघत. देवी काळ्या तोंडाची, मोत्यांच्या झालरीआडून बघणारी. तिच्या दोन बाजूंना दोन रखवालदार, एकाला हजार कोसांवरचं दिसतं आणि दुसऱ्याला वाऱ्यावरचं ऐकू येतं.

काकूंनी तिथे उभं राहून मालवणीत नवस बोलला. "बाय, ह्यांका परत हाड. तुझ्या हुकमाशिवाय मी हयसून बिऱ्हाड हलवचंय नाय."

बाराव्या दिवशी चीफचा फोन आला.

"असला कसला नवस हो काकू?" मी एकदा विचारलं होतं. "पाच नारळ, सोन्याचा डोळा, काहीतरी साधं बोलायचंत."

"सोना खंयसून हाडू? माझ्याकडे घराची ओढ सोडून दुसरा काय होता? ताच दिलंय."

हे त्यांनी मटार सोलता सोलता सांगितलं. 

देवळात पहिल्यांदा मी काकूंबरोबर गेले ती ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत. माझी बँक तिथून दहा मिनिटांवर. छपरावर ड्रॅगन, खाली दगडी खांब, आणि आजूबाजूला आमच्यासारख्यांना पोटात घेऊन उभे असलेले काचेचे टॉवर. काकू उंच उंबरा ओलांडून आत गेल्या, माझ्या पायाकडे बघत, कारण उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, आमच्याकडेही देत नाहीत. दर्शन झाल्यावर त्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या आणि समोरच्या रस्त्याकडे हात केला. "हयसर दर्यो होतो. पायरीक लाटा लागायच्यो. मगे ह्यांनी भर घातल्यानी, थंयसर टॉवर बांधल्यानी. बायचो दर्यो पळवल्यानी." आणि मग, आत देवीकडे बघत, "तिका पण घरचो दर्यो दिसना नाय आता." तोवर त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले असेन. समुद्र तिथे होता हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

देवळात साफसफाई बघायला एक अंकल तान होते. ढगळ शॉर्ट, पांढरा गंजीफ्रॉक, कानामागे कायम एक पेन्सिल. त्यांचं आणि काकूंचं सख्य भांडणातून झालेलं. काकूंनी सुरुवातीला देवीची ओटी भरायची म्हणून खण आणि नारळ नेला, आणि नारळ उंबऱ्याबाहेर फोडायला वर उचलला. अंकल धावत आले. "नो नो नो, आंटी! फ्लोअर व्हेरी ओल्ड!" काकू म्हणाल्या, देवीचा नारळ फोडायचा नाही तर काय करायचं? शेवटी तह झाला. नारळ अखंड ठेवायचा आणि खण देवीच्या टेबलावर घडी करून. पुढे दर वर्षी अंकल त्या खणाची वाट बघत. "धिस इयर व्हॉट कलर?" असं विचारत.

तिथे देवीला प्रश्न विचारायची एक रीत आहे. लाकडाचे दोन तुकडे असतात, अर्धचंद्राच्या आकाराचे, एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला फुगीर. ते जमिनीवर टाकायचे आणि कसे पडले ते बघायचं. अंकल पहिल्याच वर्षी काकूंना ते कसं वाचायचं हे शिकवायला आले होते. काकूंनी त्यांना हाताने थांबवलं. "आय नो, आय नो. माय फादर सेम सेम."

घरी येऊन त्यांनी मला हे केवढ्या आनंदाने सांगितलं! एवढ्या लांब, परक्या देशात, परक्या देवीकडेसुद्धा कौल. "बघ गो, हिच्याकडे पण आसता!" त्या दिवशी त्यांनी घावणे केले होते. मी चार खाल्ले आणि मीही खूश झाले.

तर, चीफ निवृत्त झाले. देवगडला चिऱ्यांचं घर बांधून तयार होतं. मागे आंब्याची कलमं, पुढे उतरत गेलं की समुद्र. एक पुतण्या राखणीला होता आणि तो फोटो पाठवायचा. चीफनी त्यातला पडवीचा एक फोटो छापून फ्रिजवर लावला होता. पडवीत सकाळचं ऊन किती वाजता कुठपर्यंत येतं, हे त्यांना इथे बसून सांगता यायचं. त्या पडवीसाठी त्यांनी एक सागाची आरामखुर्ची विकत घेतली, हात लांब असलेली, आणि ती जहाजाने पाठवायची म्हणून प्लॅस्टिकच्या फुग्याफुग्यांच्या कागदात गुंडाळून हॉलमध्ये ठेवली. मी विचारलं, "चीफ, तोवर बसा की तिच्यात." ते म्हणाले, "घरी बसणार."

बिऱ्हाड हलवायला देवीचा हुकूम हवा. काकूंनी तिच्या वाढदिवशी विचारायचं ठरवलं. तो चिनी पंचांगाप्रमाणे येतो, आपल्याकडे चैत्र-वैशाख असतो तेव्हा. वर्षातून एकदाच विचारायचं, वडिलांच्या शिस्तीप्रमाणे.

मी ऑफिसातून बाहेर पडून दर वर्षी तो प्रसंग बघितला आहे. देवळात मुंगी शिरायला जागा नसायची. ढोल, उदबत्त्यांचा धूर, संत्र्यांचे ढीग. काकू गर्दीत एकट्या आत जायच्या. चीफ समोरच्या कॉफीच्या दुकानात इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, दाराकडे तोंड करून. काकू बाहेर यायच्या आणि लांबूनच मान हलवायच्या. डावा.

"ओके," चीफ म्हणायचे. "स्टँडबाय." आणि काकूंसाठी कॉफी मागवायचे.

असं सहा वर्षं. मी एकदा न राहवून म्हटलं, चार दिवस जाऊन तर या देवगडला. नवस बिऱ्हाडाचा आहे, जाण्यायेण्याचा नाही. काकू तयार होत्या. चीफ नाही म्हणाले. "पाहुणा म्हणून मी माझ्या घरी जाणार नाही. जाईन तर कायमचा." हा माणूस आयुष्यात कधी हट्टाने बोलला नसेल, तो एवढ्या एका गोष्टीवर अडून बसला. आणि काकूही अडलेल्या. भांडले मात्र कधी नाहीत. काकू मासे तळत, चीफ कांदा चिरून देत. दोघं पुतण्याने पाठवलेल्या फोटोंवरून त्याच्या चुका काढत, कलमाला आळं नीट केलेलं नाही, कौलं शेकारलेली नाहीत. ऐकताना मला कधी कधी रडू यायचं आणि मग मी काहीतरी निमित्त काढून घरी जायचे.

त्यांच्या घरचं मासे खाणं हा एक स्वतंत्र सोहळा होता. एकदा माझा नवरा चुकून जेवायला घरी होता, म्हणून आम्हाला वर बोलावलं. अख्खी पापलेट. नवऱ्याने वरची बाजू संपवली आणि चमच्याने मासा पलटायला घेतला. काकूंनी ताटावर झडप घालून त्याचं मनगट धरलं. "उलटू नको! होडी उलटता." इथल्या चिनी दर्यावर्दी लोकांच्या घरी मासा पलटत नाहीत, वरून काटा उचलून खालचं खातात. हे काकू बाजारातल्या मासेवालीकडून शिकल्या होत्या आणि आता ते त्यांच्या आजोबांपासून चालत आल्यासारखं सांगत होत्या. चीफनी शांतपणे काटा उचलून नवऱ्याला दाखवला. म्हणाले, "चाळीस वर्षं बोटीवर होतो, पलटूनच खायचो. घरी पलटत नाही."

सहाव्या नकारानंतर आठ-नऊ महिन्यांनी चीफ गेले. दुपारी, सोफ्यावर, क्रिकेट बघता बघता. काकू आत ताक घुसळत होत्या. बाहेर येऊन त्यांनी स्कोअर विचारला. मी पोचले तेव्हा त्या त्यांच्या पायांशी बसल्या होत्या आणि शेजारी ती खुर्ची, तशीच गुंडाळलेली. त्या प्लॅस्टिककडे मला बघवेना.

प्रसाद सिडनीहून आला. सगळं झाल्यावर अस्थी हातात आल्या तेव्हा म्हणाला, "आई, मी घेऊन जातो बाबांना. देवगडच्या समुद्रात सोडतो. तू नंतर ये."

"नाय. ते माझ्याबरोबर जातले. बायक इचारतंय नि मगे नेतंय."

"आई, व्हाय यू लाइक धिस? नवस तू बोललीस. बाबा नव्हते बोलले."

"बाबा त्या नवसातच परत इलेले," काकू म्हणाल्या. प्रसादने हातातला कलश आईकडे दिला. हा मुलगा आईशी अर्धं इंग्रजी आणि अर्धं मराठी बोलायचा, पण ते वाक्य त्याला पूर्ण कळलं.

घरात अस्थी ठेवत नाहीत. म्हणून काकूंनी तो कलश पिशवीत घालून मागच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या बांबूंशेजारच्या खुंटीला टांगला. देवीच्या वाढदिवसाला तीन महिने होते. आधी जाऊन विचारा, असं मी दोनदा सुचवलं. वर्षातून एकदा म्हणजे एकदा. त्या तीन महिन्यांत त्यांनी झाडाखालचं फूल वेचलं नाही, आणि दाराबाहेरून मला हाक मारली नाही. वाटी मात्र यायची. दाराशी ठेवून जायच्या.

सातव्या वर्षी मी सुट्टी काढली आणि त्यांच्याबरोबर आत गेले. काकूंचे गुडघे पार गेले होते, वाकता येत नव्हतं. अंकल तान त्यांना बघून गर्दीतून वाट काढत आले, "सॉरी आंटी, सॉरी," म्हणाले आणि देवीच्या एका बाजूला, खांबाजवळ, त्यांना जागा करून दिली. यंदा खण पांढरा होता. अंकलनी रंग विचारला नाही.

काकूंनी डोळे मिटले. देवाचं काम उजव्या हाताने, म्हणून दोन्ही तुकडे उजव्या मुठीत घेतले आणि उभ्या उभ्या सोडले. टकटक करत ते फरशीवरून गेले आणि थांबले.

काकूंनी बघितलं. खांदे खाली आले. "डावो," त्या म्हणाल्या. "अजून नाय म्हणता."

अंकल तुकडे उचलायला वाकले होते. ते तसेच वाकलेले राहिले. "व्हाय नो? शी से येस."

काकूंना वाटलं, ते समजूत घालतायत. त्यांनी हाताने दाखवलं, देवीची उजवी बाजू ही, डावी ही. तुकडे डाव्या बाजूला पडले. लेफ्ट. नो.

"आंटी, लेफ्ट राइट नो नीड लाह!" अंकलनी एक तुकडा उचलून सपाट बाजू दाखवली, दुसऱ्याची फुगीर. "वन फेस अप, वन फेस डाउन, दॅट वन येस. एनीवेअर ड्रॉप, ऑल्सो येस."

मी तिथेच उभी होते आणि मला सगळं एका क्षणात कळलं. काकूंनी हे तुकडे वडिलांच्या कळ्यांसारखे वाचले होते. देवीच्या उजव्या अंगाला, डाव्या अंगाला. आणि देवीकडे तोंड करून उभं राहिलेल्या माणसाने उजव्या हाताने टाकलेली वस्तू आपल्या उजवीकडे जाते, म्हणजे देवीच्या डावीकडे. त्यांना उजवा कौल कधी मिळणारच नव्हता.

काकूंना कळायला वेळ लागला. अंकलनी दोन लाल प्लॅस्टिकची स्टुलं आणली, एकावर त्यांना बसवलं. काकूंनी हात पुढे करून ते तुकडे मागितले आणि दुसऱ्या स्टुलावर मांडले, एक उताणा, एक पालथा. "फर्स्ट इयर," त्या म्हणाल्या. कोणत्या वर्षी कसे पडले ते त्यांना सगळं पाठ होतं. देवाने दिलेलं कोण विसरतं?

अंकल स्टुलाशी उकिडवे बसले. मग हळूच म्हणाले, "येस, आंटी."

त्यांनी तुकडे फिरवले. दोन्हींची सपाट बाजू वर. "सेकंड इयर."

"धिस वन..." अंकल अडखळले. "धिस वन, शी लाफिंग. शी से, आस्क अगेन."

तिसरं वर्ष. एक उताणा, एक पालथा. अंकलनी नुसती मान हलवली. चौथं वर्ष काकूंनी मांडलं नाही. तुकडे मांडीवर घेऊन बसल्या. आजूबाजूला ढोल वाजत होते, कुणाचं तरी पोर संत्र्यासाठी रडत होतं. अंकल तान माझ्याकडे बघून पुन्हा पुन्हा म्हणत होते, मी तेव्हाच नीट सांगायला हवं होतं, मी विचारलं होतं, त्यांना येतं म्हणाल्या. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "नॉट यू, अंकल. नॉट यू."

मग त्या माझा आधार घेऊन उठल्या आणि देवीसमोर उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. रागही दिसला नाही. आईने वाढलेलं ताट तसंच राहिलं की मूल जसं खाली मान घालून उभं राहतं, तशा उभ्या होत्या. "बाय," त्या म्हणाल्या, "तू पयल्याच वर्साक दिलंस. मियांच घेवक नाय."

मला अजून एका गोष्टीची खंत आहे, ती इथे सांगून टाकते. माझ्या ऑफिसात निम्मे लोक चिनी. मी एकदा, कुठल्याही दुपारी, शेजारच्या टेबलावर विचारलं असतं तर मला ती रीत पाच मिनिटांत कळली असती. मी विचारलं नाही, कारण काकूंना येतं हे मी धरूनच चालले होते. चीफही तेच धरून चालले होते. समोरच्या दुकानात सहा वर्षं बसले, एकदाही विचारलं नाही की तुकडे पडले कसे. ब्रिजवरचं काम.

परतताना एमआरटीत आम्हाला बसायला जागा मिळाली. काकू खिडकीच्या काचेत बघत होत्या. कालांग स्टेशनाच्या आधी गाडी जमिनीवर आली, उजेड आला, तेव्हा त्या एवढंच बोलल्या, "सा वर्सां."

बेडोकला उतरलो. फलाटावरच्या बाकाशी त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आरड गो माझ्यार."

"काय?"

"आरड. मोठ्यान आरड. एवढी मोठी चूक केलंय, माझ्यार कोनीतरी आरडाक होया ना? ते आसते तर..." इतक्या वर्षांत चीफ त्यांच्यावर ओरडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. यावर मात्र ओरडले असते. ओरडायलाच हवे होते. मी काकूंना जवळ घेतलं. कोथरूडची मी, भर फलाटावर, लोकांच्या देखत, त्यांच्यापेक्षा जास्त रडले.

महिन्याभरात सामान गेलं. खुर्ची आधीच बांधलेली, तिला काही करावं लागलं नाही. प्रसाद देवगडला पुढे पोचणार होता. चांगीला त्यांना सोडायला मी एकटीच. काकूंनी कलशाची पिशवी कुणाच्या हातात दिली नाही, माझ्याही नाही. कागदपत्रं दाखवली, माझ्या गालावरून हात फिरवला, "जेवत जा गो," म्हणाल्या आणि आत गेल्या. काचेपलीकडे रांग होती. मी इकडे उभी.

मला वाटलं, त्या मागे वळून बघतील. त्यांनी बघितलं नाही. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलली होती, मान तिच्यावर झुकवली होती आणि ओठ हलत होते. प्रार्थना करताना त्या डोळे मिटतात, हे मला माहीत आहे. डोळे उघडे होते. आवाज काचेतून येत नव्हता, पण हाताने त्या मधूनच काहीतरी दाखवत होत्या, पालथा पंजा, उताणा पंजा. त्या चीफना सांगत होत्या. महिनाभर घरात ते धाडस झालं नसावं.

सांगून झालं तेव्हा त्यांनी मान वर केली. रांग पुढे सरकली, त्यांच्यापुढे चांगलं हातभर अंतर पडलं. मागचा तरुण त्यांना काहीतरी म्हणाला, मग थांबला. काकू हलल्या नाहीत. ओरडा खायला उभ्या होत्या.